कोकणात उतरायचे कोठे? आधी गाव ठरवा, मग खोली

गेवराई तालुक्यातील उमापूरहून समुद्र गाठायचा म्हटले, तर कोणत्याही वाटेने गेले तरी ३०० किलोमीटरहून अधिक अंतर पडते. विस्तीर्ण पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, एवढीच या भागातील अनेकांची ओळख. कापसाचे पैसे हाती आलेले असतात, मुलांना सुटी लागलेली असते आणि दोन-तीन कुटुंबे मिळून कोकणाचा बेत ठरवतात. आजी-आजोबांच्या दृष्टीने समुद्रदर्शनाचा हा प्रसंग बहुधा पहिलाच, आणि पुष्कळदा एकमेव असतो. गाडीभाड्यात काटकसरीला फारसा वाव नसतो; जेवणातही नसतो. उरतो तो मुक्कामाचा खर्च. त्यामुळे ‘खोली कितीला?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वस्तुतः तो सर्वांत शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचे उदाहरण घेऊ. पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे जाता येत असल्याने मराठवाड्यातील पर्यटकांना हा किनारा तुलनेने सोयीचा आहे. उमापूरहून अहिल्यानगर, पुणे, माणगाव असे अंतर सुमारे ४०० किलोमीटर भरते. मात्र एक गोष्ट अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. ती म्हणजे, दापोली हे गाव समुद्रावर नाही. ते डोंगरमाथ्यावरील थंड हवेचे ठिकाण आणि कोकण कृषी विद्यापीठाचे गाव. समुद्र आहे तो खाली, लाडघर, कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी अशा एका माळेतल्या गावांना. ही गावे दापोलीपासून साधारण १० ते ३० किलोमीटरवर आहेत आणि दोन शेजारच्या गावांच्या मध्येही डोंगर, खाडी किंवा वळणाचा रस्ता येतो.

अशा गावांच्या समूहात स्वस्तात राहायचे असेल तर जगभर एकच सल्ला दिला जातो. गर्दीच्या गावात न राहता शेजारच्या मोठ्या गावात उतरावे आणि रोज जाऊन-येऊन फिरावे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘चिंक्वे तेर्रे’ या पाच गावांच्या बाबतीत तो अगदी खरा ठरतो. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नीलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावे. युनेस्कोने १९९७ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथील खोल्या महाग म्हणून काटकसरी प्रवासी दक्षिणेकडील ला स्पेझ्झिया किंवा उत्तरेकडील लेवांतो येथे उतरतात. हे जमते, कारण डोंगरातील बोगद्यांतून जाणारी रेल्वे या सर्व गावांना जोडते आणि एका गावाहून दुसऱ्या गावी काही मिनिटांत पोहोचवते. रात्रीचे जेवण समुद्रकाठी करून मुक्कामाला परतता येते.

दापोलीच्या किनाऱ्यावर ही रेल्वे नाही. कोकण रेल्वे खेडवरून जाते. ती या गावांपासून बरीच आत आहे. येथे आहे ती एसटी, आणि तिच्या फेऱ्या मोजक्या. सूर्यास्त पाहायचा तर शेवटची गाडी चुकण्याची धास्ती, आणि गाडी पकडायची तर सूर्यास्त सोडायचा, अशी अवस्था होते. म्हणजेच इटलीतील सल्ला येथे तसाच उचलला तर खोलीत वाचलेले पैसे रिक्षात जातात.

हिशेबाचे उदाहरण

आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतले आहेत. दर हंगामानुसार बदलतात. समजा, सहा माणसांचे कुटुंब आहे. दापोलीत ९०० रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या तर १८०० रुपये झाले. समुद्रावर जाण्या-येण्यासाठी खासगी वाहनाचे १००० रुपये धरू. दोन वेळच्या जेवणाचे माणशी ३०० प्रमाणे १८०० आणि चहा-नाश्त्याचे ३००. दिवसाचे झाले ४९०० रुपये. आता मुरूडला १४०० रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या तर २८०० रुपये, जेवण तेवढेच १८००, नाश्ता ३००. बेरीज पुन्हा ४९००! ताळेबंद एकच, परंतु दुसऱ्या ठिकाणी पहाटे आणि संध्याकाळी समुद्र पायी चालण्याच्या अंतरावर आहे. शिवाय दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना खोलीवर येऊन पडता येते. ही शेवटची सोय कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते. पण आजोबा बरोबर असतील तर तीच सर्वांत मोलाची.

ज्यांनी जीप ठरवून आणली आहे, त्यांचा हिशेब थोडा वेगळा. वाहन आपल्याच हाती असल्याने दापोलीचा मुक्काम त्यांना परवडू शकतो. अधिक खर्च होतो तो केवळ इंधनाचा. मात्र चालकाच्या झोपण्याची आणि जेवणाची व्यवस्था आधी विचारून घ्यावी. ४०० किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाला रात्र गाडीतच काढावी लागली, तर परतीच्या घाटात त्याचा धोका सर्वांनाच असतो. काही घरे चालकाला वेगळी खाट विनामूल्य देतात. काही ठिकाणी पैसे पडतात.

एसटीने जाणाऱ्यांना एक मोठा आधार आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आजी-आजोबा, दोन सुना आणि मुले असे कुटुंब असेल तर जीपच्या तुलनेत बरीच रक्कम वाचते. ती समुद्राजवळच्या खोलीसाठी वापरावी. असे करताना मात्र स्थानकावरील नियंत्रण कक्षात इच्छित गावाच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारूनच पुढे जावे.

गाव कोणते निवडावे?

मुरूड आणि कर्दे यांचा किनारा लांब, सपाट वाळूचा. मुले असतील तर हीच गावे बरी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे जुने गाव असून दुर्गादेवीचे मंदिर गावातच आहे. खोल्यांची संख्या भरपूर, त्यामुळे गर्दीचे दिवस सोडल्यास भाव करण्यास वाव असतो. हर्णै हे बंदर आहे. सायंकाळी किनाऱ्यावर होणारा मासळीचा लिलाव आणि समोर उभा असलेला सुवर्णदुर्ग पाहण्यासाठी तेथे जरूर जावे. तथापि ज्यांना मासळीच्या वासाची सवय नाही, त्यांनी मुक्काम बंदरालगत करू नये. आंजर्ले शांत आहे. कड्यावरचा गणपती तेथलाच. केळशी सर्वांत दूर. महालक्ष्मीचे मंदिर आणि निवांत किनारा एवढ्यासाठीच जायचे. तेथे खोल्या कमी, खाणावळीही कमी, म्हणून आधी ठरविल्याशिवाय जाऊ नये.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आंजर्ले आणि मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे संरक्षणकार्य सुरू केले. पुढे कासव महोत्सवाबरोबर गावातील घरांतच पाहुण्यांची सोय होऊ लागली. खोलीचे भाडे नव्हे, तर जेवणासह माणशी दर ही तेथील पद्धत.

हा माणशी दर नीट समजून घ्यावा, कारण घरगुती निवासांत तो सर्वत्र आढळतो. त्यात नाश्ता आणि दोन जेवणे येतात की एकच, लहान मुलांना निम्मा दर कोणत्या वयापर्यंत, दुसऱ्यांदा मागितलेल्या चहाचे वेगळे पैसे आहेत का, हे फोनवरच विचारावे. मोठ्या कुटुंबाला माणशी दर महाग पडतो आणि खोलीचा दर स्वस्त, दोघा-तिघांना उलट. ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणी झालेल्या घरांत नावाप्रमाणे नाश्त्याची सोय असते. जेवणाचे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

जेवणाचा प्रश्न आमच्या भागातील मंडळींसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. घरात माळकरी असतील तर मासळी शिजणाऱ्या घरी उतरण्याचा संकोच वाटतो. मुरूड, आंजर्ले, केळशी येथे केवळ शाकाहारी जेवण देणारी अनेक घरे आहेत. तेथे सोलकढी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी आणि सांगितल्यास उकडीचे मोदक मिळतात. भात मात्र सकाळ-संध्याकाळ. भाकरी मिळाली तर ती तांदळाची. ज्वारीच्या भाकरीवाचून ज्यांचे पोट भरत नाही, त्यांनी दोन किलो पीठ बरोबर न्यावे आणि घरच्या काकूंना आधी सांगून ठेवावे. बहुतेक ठिकाणी चूल किंवा गॅस थोडा वेळ वापरू देतात. हॉटेलात ही मुभा नाही.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हवेचा विचार करावा. बीड जिल्ह्यात पारा ४२ अंशांवर गेला तरी कूलर लावला की झोप लागते, कारण कोरड्या हवेत पाण्याचे बाष्प होऊन गारवा येतो. कोकणात पारा ३४ अंशांच्या आसपास असला तरी हवा बाष्पाने भरलेली असते. तेथे कूलर गारवा देत नाही आणि घाम वाळत नाही. म्हणून मे महिन्यात खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का, वीज गेल्यास इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, हे विचारणे आवश्यक. वृद्धांसाठी एक तरी खोली वातानुकूलित घेतल्यास तो खर्च उधळपट्टी मानू नये. जमत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतील आडवार गाठावेत. तेव्हा हवा सुखद असते आणि दरही उतरलेले असतात. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्या यांत हेच दर पुष्कळ चढतात.

पाण्याची गोष्ट ऐकून आपल्याकडील माणसाला आश्चर्य वाटेल. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागातही मे महिन्यात अनेक वाड्यांना टँकर लागतो, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जाते. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळही लागते. पिण्याच्या पाण्याची सोय काय, हा प्रश्न टँकरच्या गावाहून आलेल्या माणसाने तरी विसरू नये. त्याचबरोबर शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे आणि खोली माडीवर आहे की तळमजल्यावर, हेही विचारावे. जुन्या कोकणी घरांचे लाकडी जिने फार उभे असतात.

जाहिरातीत ‘समुद्राला लागून’ असे लिहिलेले असते. कोकणातील जुनी घरे मात्र समुद्राला लागून नाहीत. आधी किनारा, मग सुरू किंवा माडांची रांग, मग वाडी आणि तिच्या मागे घर, अशी रचना आहे. खाऱ्या वाऱ्यापासून बचाव हा तिचा हेतू. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगडच्या किनाऱ्यावरील असंख्य नारळी-पोफळी उन्मळून पडल्या. नवे झाड फळाला येण्यास सहा-सात वर्षे तरी लागतात. वाडीचे उत्पन्न बुडाले असता, ज्यांच्याकडे दोन खोल्या होत्या त्यांना त्यांचाच आधार उरला. शेतकऱ्याने शेतकऱ्याशी भाव करताना हे ध्यानात ठेवावे, असे वाटते. वाडीतून चार-पाच मिनिटे चालून समुद्रावर जाणारी घरगुती खोली अगदी काठावरच्या खोलीपेक्षा स्वस्त असते आणि रात्री शांतही.

आरक्षण करताना नावांचा घोटाळा टाळावा. आपल्याला मुरूड म्हटले की लातूर जिल्ह्यातील मुरूड आठवते. किनाऱ्यावर मात्र दोन मुरूड आहेत. एक रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याजवळचे, दुसरे दापोलीचे. वेळासही दोन आहेत, एक मंडणगड तालुक्यात आणि एक श्रीवर्धन तालुक्यात. संकेतस्थळावर केवळ गावाचे नाव पाहून पैसे भरल्यास भलत्याच जिल्ह्यात खोली मिळते. तालुका विचारावा, घरापासून एसटी थांबा किती दूर आहे ते विचारावे आणि संपूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. खोलीचे छायाचित्र मोबाइलवर मागवताना न्हाणीघराचेही मागवावे. त्यावरून घराची निगा लगेच कळते.

कराबाबतही थोडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. मात्र ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्यांची नोंदणी नाही, अशा घरमालकांना थेट ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. कोणी मागितल्यास पावतीवर नोंदणी क्रमांक आहे की नाही, ते पाहावे.

तीन रात्री असतील तर तिन्ही एकाच गावात काढण्याचा आग्रह नसावा. दोन रात्री मुरूड किंवा आंजर्ले येथे काढून तिसऱ्या दिवशी दाभोळला जावे. तेथून वाहनांसह माणसे नेणारी फेरीबोट खाडीपलीकडे धोपाव्याला उतरवते आणि गुहागरचा किनारा जवळ येतो. उत्तरेकडे जायचे असल्यास वेसवी-बागमांडला फेरीने हरिहरेश्वर गाठता येते आणि तेथून माणगावमार्गे पुण्याची वाट धरता येते. परतीचा हा मार्ग ठरला असेल तर शेवटची रात्र केळशी किंवा वेळासला काढणे सोयीचे. फेरीची पहिली वेळ आदल्या रात्रीच घरमालकांना विचारून ठेवावी.