लखनौचे मोजमाप

१९१६ च्या डिसेंबरात टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लखनौला गेले आणि तिथला करार आपल्या शालेय पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. त्याच वर्षी त्याच शहरासंबंधी आणखी एक कागद छापला गेला. नगररचनेचे विद्यार्थी सोडले तर आज त्याची आठवण कुणाला नाही. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश अभ्यासकाने लखनौ नगरपालिकेला दिलेला तो अहवाल. पुढच्या वर्षी त्याने दुसराही दिला. हाच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आला आणि गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्या हाताखाली शिकले. आधी पाहणी, मग आराखडा, असा त्याचा आग्रह. गल्लीबोळांतून पायी फिरावे, जागा, काम आणि माणसे एकत्र बघावीत, पाडापाडी शक्य तितकी कमी करावी.

लखनौला हे ऐकवण्याची गरजही होती. १८५७ चा उठाव मोडल्यावर रॉबर्ट नेपियर या लष्करी अभियंत्याने शहराचा नवा नकाशा आखला होता. पलटण कुठूनही कुठे चटकन पोहोचली पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले गेले आणि जुन्या शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. तिथे कोण काय विकत होते, कोण काय घडवत होते, हे आराखड्याला विचारायचेच नव्हते.

विचारले ते करवसुलीने. इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांना लखनौ पालिकेच्या दप्तरात १८५८ ते १८७७ या काळातल्या कराच्या वह्या सापडल्या. त्यांत सर्वात वरच्या करश्रेणीत नावे होती तवायफांची. नवाबी गेली, दरबार उठला, तरी शहरातली सर्वाधिक वैयक्तिक कमाई या बायकांची होती आणि ती सरकारला पै-पैशासकट माहीत होती. समाजाने ज्यांना नावे ठेवली त्यांचे उत्पन्न नोंदले गेले, कारण त्यातून कर मिळत होता.

१८८० मध्ये विल्यम होई यांचे उत्तर हिंदुस्थानातील व्यापार-उद्योगांवरचे पुस्तक लखनौतच छापले गेले. होई परवाना-कराचे अधिकारी. कोणावर किती कर बसवायचा हे ठरवताना त्यांनी शहरातले धंदे एकेक करून तपासले. कच्चा माल काय भावाने येतो, मजुरी किती जाते, कारागिराच्या हातात काय उरते, अशा नोंदी धंद्यांच्या नावांच्या अकारविल्हे यादीत मांडल्या. हेतू वसुलीचा असला तरी स्थानिक अर्थकारणाची इतकी बारीक पाहणी नंतरच्या विकासाच्या नावाने निघालेल्या अनेक अहवालांत आढळत नाही. मला तर वाटते, आजच्या जिल्हा आराखडा लिहिणाऱ्याने होईचे पुस्तक एकदा उघडून बघावे आणि थोडे ओशाळावे.

स्वातंत्र्यानंतर मोजण्यामागचा हेतू पालटला. लखनौ विद्यापीठात १९२१ पासून अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा एकत्र विभाग चालवणारे राधाकमल मुखर्जी यांनी बलजित सिंह यांच्यासोबत १९५४ ते १९५६ या काळात शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. ती १९६१ मध्ये ग्रंथरूपाने आली. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची अशी पाहणी आधीच केली होती. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले, आणि १९५६ मध्ये ना. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांची फेरपाहणी आली. पुण्याला फेरपाहणी मिळाली, हे महत्त्वाचे. एकदाच घेतलेल्या आकड्यांवरून शहर कुठे होते ते कळते, कुठे निघाले ते कळत नाही.

पुढे आकडे वाढत गेले. १९७४ मध्ये लखनौ विकास प्राधिकरण आले, महायोजना आल्या, १९८२ मध्ये राज्याचे सुदूर संवेदन केंद्र याच शहरात उभे राहिले. आपल्याकडे जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ निघते तशी तिकडे प्रत्येक जिल्ह्याची ‘सांख्यिकीय पत्रिका’ निघते. एवढे सगळे असूनही लखनौचे नाव ज्या कामाने जगभर गेले ते करणारी बाई या आकड्यांत नीट सापडत नाही. त्याचे कारण कामाच्या घडणीतच आहे.

चिकनच्या भरतकामाचा कुर्ता एका जागी तयार होत नाही. कापड कापून शिवायचे काम शिंप्याचे. त्यावर लाकडी ठशाने कच्च्या निळीची नक्षी उमटवायची छिप्याने. मग ते बोचके मध्यस्थामार्फत जुन्या लखनौच्या मोहल्ल्यांत आणि काकोरी-मलिहाबादकडच्या गावांत जाते. तिथे घरोघरी बायका त्यावर टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी भरतात. बहुधा एका कपड्यावर सगळे टाके एकीचे नसतात. जाळीवाली वेगळी, मुर्रीवाली वेगळी. भरून झाले की कपडा धोब्याकडे, निळीचे डाग काढायला, आणि शेवटी चौकातल्या दुकानात. मजुरी नगावर. बाईला दुकानदार माहीत नाही, दुकानदाराला बाई. दोघांना ओळखतो फक्त मध्यस्थ, आणि पुष्कळदा ही मध्यस्थही बाईच असते.

आता ही साखळी पाहणीच्या रकान्यात कुठे बसवायची? १९७७ च्या पहिल्या आर्थिक गणनेत निदान एक पगारी माणूस असलेलेच बिगरशेती उद्योग मोजले होते. म्हणजे घरात एकटी सुई चालवणारी बाई व्याख्येनेच बाहेर. १९८० पासून पगारी माणसाविना चालणारे उद्योगही मोजले जाऊ लागले, तरी दारात पाटी नसलेल्या घरात उद्योग आहे हे प्रगणकाला सांगायचे कोणी? जनगणनेत ‘घरगुती उद्योग’ हा वर्ग १९६१ पासून आहे. पण प्रगणक दारात आला की उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो आणि तो म्हणतो, ‘घरीच असते.’ ती घरीच असते हे खरे, फक्त तिच्या हातात कुर्ता असतो. १९९१ च्या जनगणनेत बायकांचे काम निसटू नये म्हणून प्रश्न मुद्दाम स्पष्ट केला गेला, तरी सवय सुटली नाही. सातवी आर्थिक गणना २०१९ मध्ये मोबाइल अ‍ॅपवर सुरू झाली. तिचे देशपातळीवरचे निकाल रखडले.

या पार्श्वभूमीवर २४ जानेवारी २०१८ ला उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जनपद एक उत्पाद’ योजना आणली. मूळ कल्पना जपानच्या ओइता प्रांतातली, १९७९ ची. तिथे प्रत्येक गावाने आपली एक वस्तू निवडून ती जगापुढे न्यायची होती. लखनौच्या वाट्याला चिकनकारी आणि जरी-जरदोजी आली. चिकनला भौगोलिक मानांकन २००८ मध्येच मिळाले होते. या योजनेने कर्ज, प्रशिक्षण, सामाईक सुविधा केंद्रे, प्रदर्शने यांना एक धागा दिला, हे मान्य करायला हवे. जिल्ह्याची ओळख एका शब्दात सांगता आली की अधिकारी, बँक, निर्यातदार एका टेबलावर बसतात. पण उत्पादन निवडणे म्हणजे नियोजन नव्हे. किती बाया हे काम करतात, नगामागे त्यांना काय मिळते, तो दर पाच वर्षांत वाढला की घटला, हे आकडे दर वर्षी जिल्ह्याच्या पत्रिकेत छापून येत नाहीत तोवर विक्री वाढल्याचा फायदा कोणाकडे गेला हे सांगता येणार नाही. आणि माझी शंका अशी की ज्यांना सांगायचे नसते त्यांना हे सोयीचेच पडते.

योजनेच्या खूप आधी, १९८४ मध्ये, रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने ‘सेवा लखनऊ’ ही चिकन करणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली आणि मध्यस्थाला वगळून थेट बाजारात गेली. संघटनेच्या वहीत बाईचे नाव असते, तिने किती काम केले आणि किती पैसे घेतले ते असते. होईच्या पुस्तकानंतर माझ्या मते लखनौतला सर्वात उपयोगी आर्थिक दस्तऐवज अशा वह्याच असाव्यात.

२०२१ चे ई-श्रम पोर्टल आणि २०२३ चे उद्यम असिस्ट यांनी असंघटित कामगार आणि सूक्ष्म उद्योग यांची नावनिशीवार नोंद सुरू केली. ती आपणहून पुढे येऊन करायची असते, त्यामुळे अर्धी मोजणी माहिती असलेल्यांची होते. २०२४ मध्ये लखनौसह हरदोई, सीतापूर, उन्नाव, रायबरेली आणि बाराबंकी यांचा मिळून राज्य राजधानी प्रदेश ठरवला गेला. त्याचा आराखडा होईल तेव्हा जमिनीचे नकाशे उपग्रहावरून मिळतील. कामाचे नकाशे तसे मिळत नाहीत. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात जिल्हा हा पायाभूत घटक मानला गेला आहे. त्यातून जिल्हानिहाय आकडे नीट हाती येऊ लागले तर तो मोठा बदल ठरेल.

त्याआधी जनगणना आहे. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. प्रगणक आपल्याही दारात येईल. सोलापुरात विडी वळणारी, मुंबईच्या चाळीत पापड लाटणारी, इचलकरंजीत घरबसल्या कपडे शिवणारी बाई तुमच्या घरात असेल, तर उत्तर तिला देऊ द्या. निदान ‘घरीच असते’ एवढे तरी सांगू नका.