नवे बियाणे, जुना तांदूळ

कर्जत-खालापूरकडे भाताचे पीक पिढ्यान् पिढ्या निघते. त्यामुळे जुने घ्यावे की नवे, हे तिथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. खाण्याचा तांदूळ तो जुना पाहून घेतो, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. संकरित भाताचे बी मात्र तो दरवर्षी नवे आणतो. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने ‘सह्याद्री’ नावाचे संकरित वाण काढले. अशा वाणाचे घरी राखलेले दाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही. कशासाठी घेता, यावर सारे अवलंबून.

शेतीचा हा पाठ आज मी एका अगदी निराळ्या वस्तूला लावणार आहे. ती वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. घरात कॉलेजात जाणारे चिरंजीव वा कन्या असतील तर हे नाव वाचकांच्या कानांवरून गेले असेलच, आणि पाठोपाठ आलेला किमतीचा आकडा ऐकून हातातला चहाचा कप खालीही ठेवला गेला असेल! संगणकाच्या पोटात बसणारी ही पाटी पडद्यावरची चित्रे तयार करते. हजारो लहान हिशेब ती एकाच वेळी उरकते. म्हणून खेळांना, ॲनिमेशनला आणि इमारतींच्या आराखड्यांना ती लागते.

आता हिच्या किमतीची गंमत पाहा. यंत्र जुने झाले की स्वस्त होते, असा आपला अनुभव. या कार्डाने तोही खोटा पाडला. ‘आरटीएक्स ३०६०’ हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत ३२९ डॉलरना बाजारात आले. पण त्या भावात ते मिळणे दुरापास्त झाले. कोरोनाच्या काळात चिप्सचा तुटवडा होताच. त्यात इथेरियम नावाचे आभासी चलन ‘खणण्या’साठी लोक ही कार्डे रात्रंदिवस राबवीत होते. वापरलेली कार्डेसुद्धा मूळ किमतीहून चढ्या भावाने खपली! पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली आणि जुन्या बाजारात त्यांचा ढीग पडला. २०२५ च्या अखेरीस वारे पुन्हा फिरले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी इतकी वाढली की मेमरी चिप्सचे भाव कडाडले. या बाजारातली तेजी-मंदी आपल्या घरची अडचण विचारून येत नाही.

खोपोलीला माझे एक स्नेही राहतात. तिथल्याच एका कारखान्यात नोकरी, दोन मुले. कन्या ॲनिमेशन शिकते, चिरंजीव अकरावीत. २०२५ च्या श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात वाद पेटला होता. मुलीला आयुष्यातले पहिले पैशाचे काम मिळाले होते. एका गृहप्रकल्पाची चलच्चित्रे गणपतीनंतर महिनाभरात द्यायची होती, आणि तिचा संगणक काही सेकंदांच्या चित्रासाठी अख्खी रात्र घेत होता. घरात पैसे होते, पण ते गळक्या गच्चीसाठी राखलेले.

“दिवाळीपर्यंत थांबायला काय झालं?” स्नेही म्हणाले. “पंधरा ऑगस्टला पंतप्रधानांनी कर कमी करणार म्हणून सांगितलंय.”

“काका, आता तुम्हीच समजवा बाबांना!” मुलगी म्हणाली.

मी गच्चीकडे बोट दाखविले. पाऊस थांबेपर्यंत तिथे गवंडी चढणार नव्हता; तोवर ते पैसे नुसतेच बसून राहणार होते. हातचे काम गेले तर मात्र ते दुसऱ्याकडे जाणार होते. थांबण्यालाही किंमत असते, फक्त तिची पावती मिळत नाही.

घ्यायचे काय, हा पुढचा प्रश्न. नव्या पिढीचे आठ जीबी मेमरीचे कार्ड तीस हजारांच्या आसपास होते. वापरलेले ‘३०६०’ सोळा हजारांना मिळत होते. पण तिसरीही वाट होती: तेच ‘३०६०’, बारा जीबीचे, मागच्या पिढीचे पण कोरे करकरीत, हमीसह, पंचवीस हजारांना. तिची दृश्ये आठ जीबीत मावत नव्हती, आणि ऐन मुदतीत कार्ड बिघडले तर विचारायला कोणी असणे जरूर होते. हे तिचे बियाणे होते; नवेच घेतले. १९१५ पासून वीज निर्माण करणाऱ्या खोपोलीकरांना वॅटचे महत्त्व मी काय सांगावे! तरी हे कार्ड १७० वॅट खाते आणि ५५० वॅटचा पॉवर सप्लाय मागते, हे आधी पाहून घेतले. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

चिरंजीवांना हवे होते ते खेळण्यासाठी. हा झाला खाण्याचा तांदूळ. इथे जुन्याला हरकत नव्हती. त्याने स्वस्तातले ‘जीटीएक्स १०६०’ हेरले होते. पण ते २०१६ चे, आणि त्या मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाहीत, असे कंपनीने जुलैअखेर जाहीर केले होते. म्हणून २०१९ चे ‘१६६० सुपर’ ठरले.

ते आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. खोपोलीहून कर्जत, कर्जतहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. जाऊन-येऊन दिवस मोडतो. ‘बिघडले तर आणून द्या’ या आश्वासनाचा एवढ्या लांबच्या माणसाला काय उपयोग? म्हणून तिथेच अर्धा तास जड खेळ चालवून पाहिला. पडद्यावर ठिपके वा रेघा उमटतात का, पंखा घरघरतो का, तापमान कुठवर चढते, हे पाहिले. जुन्या कार्डाला नव्याचे नाव देऊन विकणारेही असतात; ‘जीपीयू-झेड’ या छोट्या प्रोग्रॅमने त्याची जात तपासली. मूळ पावती मागितली, कारण हमीचे काही महिने उरले असतील तर ते पावतीवाचून वाया जातात.

आणि कराचे काय झाले? नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून आले. मोठ्या टीव्हीवरचा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर उतरला. संगणकाच्या सुट्या भागांवरचा अठरा टक्के होता तसाच राहिला. तोवर मुलीचे काम पुरे होत आले होते. पाऊस सरल्यावर गच्चीही झाली, आणि त्या खर्चात तिच्या पहिल्या कमाईचा वाटा होता.

यंदाही पाडव्याच्या सवलती पाहून मुले हट्ट धरतील. त्यांना दोनच प्रश्न विचारावेत: याने काम कोणते होणार, आणि ते कोणत्या तारखेला हवे? उत्तर तारखेसह आले तर सवलतीची वाट न पाहता, हमी पाहून नवे घ्यावे. नुसतेच “सगळ्यांकडे आहे” असे आले, तर घाई कसली? जुन्या बाजारात चार फेऱ्या माराव्या, आणि चालवून पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नये.