घराचे वायरिंग : पैसे चुकते करण्यापूर्वी

मे महिना आला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी डागडुजी निघते. कौले चाळली जातात, भिंतींना गिलावा होतो आणि त्याबरोबर वायरिंगही नवे केले जाते. बटण दाबले, दिवे लागले की आपण समाधानाने पैसे मोजतो. परंतु दिवा लागला म्हणजे वायरिंग चांगले झाले असे नव्हे. चुकीच्या वायरिंगवरही दिवा तितकाच लख्ख लागतो. दोष कळतो तो जूनमध्ये, भिंती ओल धरतात तेव्हा. आणि तो कळतो ओल्या हाताने फ्रिज उघडणाऱ्या घरच्या बाईला किंवा लहान मुलाला.

म्हणून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात. स्वतः काही उघडू नये. वायरमनला करून दाखवायला सांगावे.

१. तार : ही गिलाव्यापूर्वीच पाहावी. तारेवर आय.एस.आय. चिन्ह व जाडी छापलेली असते. साधारणपणे दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या प्लगला २.५ व गिझरला ४ ची तार घालतात. लाल, पिवळी वा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. तारांचा जोड भिंतीत गाडू नये, डब्यात असावा.

२. बटण : ते फेजच्या तारेवरच हवे. न्यूट्रलवर बसवले तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्यास धक्का बसतो. बटण बंद ठेवून टेस्टर लावला असता तो होल्डरमध्ये पेटता कामा नये.

३. अर्थिंग : प्लगचे वरचे मोठे भोक अर्थचे. काही जण हिरवी तार वाचवून तेथे न्यूट्रलच जोडतात. हे फार घातक आहे. न्यूट्रल कोठे तुटली तर फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरते. एकदोन प्लग उघडून हिरवी तार दाखवायला सांगा. ती बोर्डातून अंगणातील अर्थच्या खड्ड्यापर्यंत गेलेली हवी. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जावे.

४. संरक्षण : एम.सी.बी. तारेला राखते, माणसाला नव्हे. दिव्यांसाठी ती ६ किंवा १० अँपिअरची असावी. १.५ च्या तारेवर ३२ ची बसवली तर ती पडण्याआधी तार तापून जळू शकते. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. हवी. एवढी वीज गळताच ती क्षणार्धात प्रवाह तोडते. तिच्यावरील 'टी' बटण दाबताच ती पडली पाहिजे. पुढेही महिन्यातून एकदा हे करून पाहावे.

५. मेगर : या यंत्राने तारांमधून वीज गळते की नाही ते कळते. नव्या वायरिंगचे माप किमान १ मेगओहम यावे. ते कागदावर लिहून सहीसह घ्यावे.

गोठ्यालाही हेच नियम लावा. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या गुरांना माणसाला सोसेल एवढा धक्काही प्राणघातक ठरतो.

शेवटी एक सांगणे. मजुरीत फार घासाघीस केली की काटकसर होते ती भिंतीआड, म्हणजे हिरव्या तारेत आणि तारेच्या जाडीत. चोख काम करणाऱ्यास पुरी मजुरी आनंदाने द्यावी. मात्र शेवटचा हप्ता ही पाहणी झाल्यावरच हाती ठेवावा.