संथ तलाव, लहान होडी आणि पाण्यावरचे पाहुणे

धाराशिव जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते बालाघाटचे उघडे माळरान, तुळजापूरचे भवानीक्षेत्र आणि पुन:पुन्हा येणारा दुष्काळ. पाणपक्ष्यांचे नाव या जिल्ह्याशी सहसा जोडले जात नाही. परंतु याच पठारावर गावोगावच्या शिवारांत लहान तलाव पसरलेले आहेत. हिवाळ्यातील एखाद्या सकाळी अशा तलावाच्या काठी जाणाऱ्यास, हिमालयाच्या पलीकडून आलेली बदके आणि बारमाही वस्तीला असलेल्या टिबुकल्या एकाच पाण्यावर दिसू शकतात. हे जग जवळून पाहावयाचे असेल, तर त्याचे एक अत्यंत साधे साधन आहे. ते म्हणजे एका माणसाची, हाताने वल्हवावयाची लहानशी होडी.

अवर्षणातून जन्मलेले पाणी

धाराशिव जिल्हा हा पाणी विभागणारा प्रदेश होय. मांजरा व तेरणा या नद्यांचे पाणी गोदावरीकडे जाते, तर सीना व बोरी यांचे पाणी भीमेस मिळते. पाऊस बेभरवशाचा आणि नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या. म्हणून जेथे पडेल तेथेच पाणी अडविणे ही येथील जुनीच रीत आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला आदिलशाही बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हे या रीतीचे सर्वांत देखणे उदाहरण. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास तो उभा राहिला. पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे ‘नर’ व ‘मादी’ हे दोन धबधबे पाहण्यास आजही लोक दुरून येतात.

गावोगावच्या लहान तलावांचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रात हजारो हातांना काम देण्यासाठी पाझर तलावांची कामे काढण्यात आली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्याखालीही अशी अनेक कामे झाली. पाणी जमिनीत मुरावे, खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटावा, एवढाच या तलावांचा हेतू होता. पक्ष्यांचा विचार कोणत्याही आराखड्यात नव्हता. तथापि उथळ पाणी, चिखलाचा काठ आणि पाणवनस्पती ही त्यांची गरज या तलावांनी आपोआप भागविली.

पायी नव्हे, होडीतूनच का?

काठावरून चालत जाणाऱ्या माणसास पाणपक्षी फार जवळ येऊ देत नाहीत. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बगळा निर्धास्त बसतो. परंतु आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी ठाकलेली मानवी आकृती दिसताच सारा थवा माना उंचावतो. माणसाची उंची, त्याची चाल आणि पावलांची चाहूल या तिन्ही गोष्टी त्याला सावध करतात.

‘कयाक’ या नावाने आज सर्वत्र ओळखली जाणारी होडी नेमक्या याच अडचणीवरचा उपाय म्हणून घडली. उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशातील इन्युइट लोकांनी लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून ती तयार केली. पाण्यावरील शिकारीजवळ आवाज न करता पोहोचणे हा तिचा मूळ उद्देश. बसणारा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असतो. दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे तो आळीपाळीने दोन्ही बाजूंस चालवितो. ते होडीच्या कडेस अडकविलेले नसल्याने करकर होत नाही. होडीचा तळ इतका उथळ बुडतो की वीतभर पाण्यातूनही ती सरकते. आता ती प्लास्टिकची, फायबरची किंवा हवा भरून फुगविण्याजोगीही मिळते. शिकारीसाठी जन्मलेले हे साधन आज निरीक्षणासाठी वापरले जाते, हे विशेष.

हलक्या तरंगत्या साधनांची ओळख आपल्याकडेही नवी नाही. वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड आणि प्रसंगी गूळ रटरटविण्याची काहीलही नदी ओलांडण्यास वापरली गेली आहे. शेजारच्या भीमा खोऱ्यात, १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणनजीकचे मच्छीमार आपल्या होड्यांतून पर्यटकांना रोहित पक्षी दाखवितात. मासेमारीस पूरक असा तो एक रोजगारच झाला आहे. लहान तलावावर एवढा व्याप शक्य नाही व योग्यही नाही. तेथे एखाददुसरी होडी पुरे.

कोण कोण भेटते?

या निरीक्षणाचा उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पहाटेनंतरची पहिली घटका सर्वांत चांगली, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. सूर्य पाठीशी ठेवून होडी हळूहळू सोडावी आणि मग वल्हे मांडीवर आडवे घेऊन स्वस्थ राहावे.

पहिली भेट बहुधा टिबुकलीची होते. मुठीएवढा हा पक्षी क्षणात बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. काळ्या अंगाचे व कपाळी पांढरा टिळा असलेले वारकरी दाटीवाटीने चरत असतात. त्यांना उडावयाचे झाल्यास आधी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते. चोचीच्या बुडाशी तांबडे व टोकाशी पिवळे असे ठिपके मिरविणारे हळदी-कुंकू बदक येथलेच रहिवासी. थापट्या आणि तलवार बदक हे मात्र उत्तर आशियातून येणारे पाहुणे. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून सूक्ष्म जीव टिपतो, तर तलवार बदक शेपटी वर करून तळाशी चरते. काठाच्या चिखलात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, पाणकणसाच्या आडोशाला निश्चल उभा वंचक आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत राहून अचानक सूर मारणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या हे नेहमीचे सोबती होत. चतुर, टाचण्या, ऊन खाणारे कासव, पाण्यातून नागमोडी जाणारी बिनविषारी दिवड यांचाही या सृष्टीत वाटा आहे.

जानेवारीनंतर पाणी मागे हटू लागते. वरवर पाहता तलाव ओस पडत आहे असे वाटते. परंतु उघड्या पडणाऱ्या ओल्या चिखलातील किडे व अळ्या तुतारी, धोबी यांसारख्या पक्ष्यांचे अन्न असतात. आटता तलावही अन्नदाता असतो, तो असा.

अंतर राखण्याची शिस्त

होडीमुळे जवळ जाता येते. म्हणूनच किती जवळ जावे याची मर्यादा निरीक्षकाने स्वत: घालून घ्यावी लागते. थव्यावर सरळ चाल करू नये. तिरकस, सावकाश जावे. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना उंचावल्या, की तेथेच थांबावे व शक्य तर मागे सरावे. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठविणाऱ्या बदकांना वारंवार उडविणे म्हणजे त्यांची शिदोरीच हिरावून घेणे होय. टिबुकलीचे घरटे पाण्यावर तरंगते. ते सोडून जाताना ती अंडी ओल्या पाणवनस्पतींनी झाकते. होडी अवचित समोर आली तर तिला झाकण्यास अवधी मिळत नाही आणि उघडी अंडी कावळ्यांच्या दृष्टीस पडतात. शेकाट्या व टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्या काळात होडी काठावर ओढू नये.

स्वत:ची सुरक्षितताही तितकीच महत्त्वाची. तलाव लहान असला तरी तो खोल नाही असे समजू नये. बुडालेल्या विहिरी, बाभळीचे खुंट आणि पसरलेली जाळी यांचा धोका असतो. तरंगते जाकीट अंगात असावे, एकट्याने जाऊ नये, पावसाळ्यात सांडव्याच्या बाजूस फिरकू नये. तलाव ज्यांच्या देखरेखीखाली आहे त्यांची परवानगी घ्यावी, आणि मासेमारीवर ज्यांची चूल पेटते त्यांच्या जाळ्यांना धक्का लावू नये.

तलाव टिकला तरच

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी माणसांबरोबर पक्षीही जागा सोडतात. मासे व कासवे यांना तर तेही शक्य नसते. गाळाने तलावांची साठवणक्षमता घटते, म्हणून गाळ काढून तो शेतात टाकण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली हाती घेण्यात आली. पाण्याच्या दृष्टीने हे काम हिताचेच आहे. ते करताना एका बाजूचा उतरता, उथळ काठ आणि पाणकणसाचा एखादा पट्टा राखून ठेवला, तर शेतकऱ्याचे काही बिघडत नाही आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे ताटही कायम राहते. सगळा काठ उभा कापला गेला, तर पाणी वाढूनही पक्षी येणार नाहीत.

होडीतून परतल्यावर तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पक्ष्यांची नावे व संख्या वहीत टिपून ठेवावी. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होत असते; तिचा पाया अशाच स्वयंसेवी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. गावच्या शाळेने आपल्या तलावाची अशी वही दहा वर्षे सांभाळली, तर कोणत्या वर्षी पाणी केव्हा आटले आणि पाहुणे केव्हा परतले, याचा हिशेब गावापाशीच राहील. पुढील गाळ कोठून काढावा आणि कोणता काठ तसाच ठेवावा, हे ठरविताना ग्रामसभेला ती वही उपयोगी पडेल.