सहा महिन्यांचा रिपोर्ट नॉर्मल, मग बी-१२ची गोळी कशाला?

समजा, रेवसच्या धक्क्याजवळ वाढलेली एक मुलगी पुण्यात एमएस्सीला आली आणि वीगन झाली. लहानपणापासून बोंबील, जवळा, तिसऱ्या खाल्लेल्या. आता मासळी, अंडी, दूध-दही सगळंच बंद. सहा महिन्यांनी तिने रक्त तपासलं, बी-१२ नॉर्मल आलं. मग वीगन आहारात गोळीची गरज नाही, असं म्हणायचं का?

नाही. का नाही, ते बघू.

बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत आणि प्राणीही नाहीत. ते फक्त काही सूक्ष्मजीव बनवतात. मासे, शिंपले, दूध यांतून आपल्याला आयतं मिळतं. रोजची गरज २ ते २.५ मायक्रोग्रॅम, पण शरीरातला साठा (बराचसा यकृतात) २ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या साधारण हजारपट. शिवाय पित्तातून आतड्यात गेलेलं बी-१२ बरंचसं पुन्हा शोषलं जातं. त्यामुळे साठा वर्षानुवर्षं पुरतो. श्रावण पाळून कुणाचं बी-१२ संपत नाही, ते याचमुळे. त्या मुलीच्या रिपोर्टमध्ये नवा आहार नाही, तर रेवसची जुनी मासळी दिसते आहे!

आता पुण्याचा पुरावा बघा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तीन गट होते. ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी (१५० पिकोमोल प्रति लिटरच्या खाली) निघालं. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींचा ऑड्स रेशो होता ४.४. आपल्याकडचे शाकाहारी दूध-दही घेतात. वीगन व्यक्तीकडे तोही आधार नाही.

पण ४.४ चा अर्थ 'शाकाहारींमध्ये कमतरता ४.४ पट लोकांना' असा घेऊ नका. जी गोष्ट इतकी सर्रास आढळते, तिथे ऑड्स रेशो प्रत्यक्ष प्रमाणातल्या फरकापेक्षा बराच मोठा दिसतो. हा एका वेळचा, फक्त पुरुषांचा अभ्यास आहे, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक फसवी बाब म्हणजे फोलेट. डाळी आणि पालेभाज्यांमुळे वीगन आहारात ते भरपूर असतं. त्यामुळे बी-१२ कमी असूनही तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या दिसत नाहीत, हिमोग्लोबिनही ठीक येतं. आणि इकडे मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. उशीर झाला तर हे नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून सीरम बी-१२ सोबत होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लही मोजतात.

उपाय स्वस्त आहे. रोज १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. आकड्यांत एवढा फरक का? एका वेळी इंट्रिन्सिक फॅक्टरच्या मदतीने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषलं जातं. उरलेल्यापैकी सुमारे १ टक्का. गोळीतलं सायनोकोबालामिन जिवाणूंपासूनच बनतं, फक्त कॅप्सूल जिलेटिनची नाही ना ते बघा. स्पिरुलिनावर विसंबू नका. त्यातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या उपयोगाचं नसतं. लक्षणं असतील किंवा गरोदरपण असेल, तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा.

पुढच्या वेळी 'वीगन लोकांचं बी-१२ नॉर्मल' असा पेपर हातात आला, तर आधी मेथड्स उघडा आणि तीन गोष्टी शोधा: वीगन होऊन किती वर्षं झाली, गोळी कोण घेत होतं, आणि नेमकं काय मोजलं.