दुकानाच्या कॉम्प्युटरला खरंच किती लायसन्स विकत घ्यावी लागतात?

मागच्या आठवड्यात किन्हीराजाहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. (मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा. वाशिमचं मालेगाव, नाशिकचं नाही!) भाऊ लग्नपत्रिका, बॅनर आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकतोय. सेकंडहँड कॉम्प्युटर विकणारा म्हणतो, "सगळं क्रॅक टाकून देतो, टेन्शन नको." दुसऱ्या एकाने विंडोजपासून फॉन्टपर्यंत सगळं विकत घ्यायची यादी दिली. आता ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नको.

आधी क्रॅक. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 ब. प्रत चोरीची आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण दुकान म्हणजे धंदाच ना! शिवाय त्याच मशीनवर लोकांचे आधार नंबर टाकणार.

आता यादी. विंडोज 8 पासूनच्या बहुतेक ब्रँडेड मशीनमध्ये लायसन्सची की मदरबोर्डमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तीच एडिशन, म्हणजे होम असेल तर होम, नव्याने टाकली की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. एकदा पैसे भरलेली वस्तू परत कशाला घ्यायची? असेंबल केलेलं मशीन असेल तर मात्र हे गृहीत धरू नका. अर्ज, बिलं, हिशोब यांना लिब्रेऑफिस पुरतं, आणि ते दुकानातही फुकट चालतं.

"फ्री" शब्दावर मात्र लगेच भाळू नका. एनीडेस्क फुकट आहे ते घरच्या वापरासाठी, ग्राहकाचं काम करायला नाही.

फॉन्टमध्ये सगळ्यात जास्त पैसे वाचतात, आणि चुकाही तिथेच होतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पत्रिका छापा, बॅनर विका, कुणाला विचारायची गरज नाही. नुसता फॉन्ट वेगळा विकता येत नाही, एवढंच. अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड फॉन्ट लावला की अगम्य दिसतो, तो कन्व्हर्टरमधून काढून परत तपासावा लागतो. जोडाक्षरं तर दोनदा तपासा, नवरदेवाचं नाव चुकलं तर पत्रिका परत छापावी लागेल!

डिझाइनला इंकस्केप. त्यात काही सीडीआर फाइली उघडतात, सगळ्या नाहीत. म्हणून मित्राला म्हटलं, आधी वाशिमच्या फ्लेक्सवाल्याला विचार, पीडीएफ घेतो का. नाहीच म्हणाला, तर कोरल विकत घे, नाहीतर फ्लेक्सवाला बदल.