पिशवी काढली, पण त्रास संपला का?



मासिक पाळीचा विषय आपण मुलींपुरताच ठेवतो. पण त्यांच्या आया पाळीच्या दिवसांत काम कसं करत असतील? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं उदाहरण घेऊ.

दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं तोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. कामावर गेलं नाही तर 'खाडा'! म्हणजे मजुरी बुडतेच, वर पैसेही कापले जातात. दिवसभर वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी भरायची. फडात ना शौचालय, ना कापड बदलायला आडोसा.

परिणाम काय होतात?
ओलं कापड तासन्‌तास राहिल्याने जांघा सोलवटतात, खाज सुटते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. लघवीला जावं लागू नये म्हणून बाई पाणीच कमी पिते. त्यातून लघवीची जळजळ सुरू होते. पोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं. मग कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाक, पाळीही नको आणि खाडाही नको."

२०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

हे समजून घ्या
कर्करोग किंवा मोठ्या गाठी असतील तर ही शस्त्रक्रिया गरजेची ठरू शकते. पण पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधांनी बरं होतं. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर तिशीतच पाळी जाते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. त्यात शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल! म्हणजे खाडा वाचवायला काढलेली पिशवी कर्ज वाढवूनच जाते.

आपण काय करू शकतो?
१. तोडीला जाण्याआधीच्या पालकसभेत हा विषय आशाताईंकडून समजावून द्या.
२. "पिशवी काढा" असं कुणी म्हटलं, तर सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्यायला सांगा.
३. मुली आईबरोबर फडात जाण्याऐवजी हंगामी वसतिगृहात राहून शिकतील, हे पाहा.
४. मुलग्यांनाही हा धडा शिकवा. उद्या त्यांच्यातलाच एखादा मुकादम होईल, एखादा डॉक्टर.